उपवासाला बटाटा चालतो, मग हळद का चालत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते. कॅनडात राहणाऱ्या तुमच्या मुलीने आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी केली, तेव्हा तिथल्या मैत्रिणीने तिला सांगितले की साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणे आणि मिरची हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले आहेत. त्यावर मुलीने तुम्हाला विचारले की मग पाचशे वर्षांपूर्वी आपले लोक एकादशीला काय खात होते, बाहेरून आलेले पदार्थ चालतात तर आपलीच हळद का चालत नाही, आणि तिच्या गावात भगर मिळत नसल्यामुळे क्विनोआ खाल्ला तर चालेल का. शेवटी तुम्ही स्वतः जरा खट्टू होऊन विचारले आहे, ‘म्हणजे आपला उपवास खोटाच म्हणायचा का?’

या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे असे मला वाटते: उपवासाला काय चालते हे ठरवणारा नियम नेमका कशावर उभा आहे? तो समजला की पदार्थ कुठून आला या गोष्टीचे ओझे बरेच हलके होते.

मी पुण्यात पंचवीस वर्षांहून अधिक काळ घरगुती कार्यांचे स्वयंपाक करून देते. त्यात उपवासाचे फराळ असतात, तसे श्राद्धपक्षाचे स्वयंपाकही असतात. सुरुवातीच्या काळात एका घरी संकष्टीच्या बटाट्याच्या भाजीवर मी हौसेने कोथिंबीर भुरभुरली आणि ते पातेले जसेच्या तसे परत आले. त्या दिवसापासून मी घरोघरच्या चालीची एक वही ठेवली आहे. ‘कोथिंबीर नाही, जिरे हो’, ‘भगर चतुर्थीला हो, एकादशीला नाही’, ‘मीठ सैंधवच’, ‘तिखट लाल नको, हिरवी मिरची चालेल’ अशा नोंदींनी ती भरलेली आहे, आणि एकाच आळीतल्या, एकाच आडनावाच्या दोन घरांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. त्यामुळे पुढे मी जे सांगणार आहे, त्यात तुमच्या घरची चाल, तुमचा प्रदेश आणि कोणते व्रत आहे यांनुसार फरक पडेल, हे आधीच मान्य करते. गुजरातेत आणि उत्तरेकडे याद्या आणखी वेगळ्या आहेत. बंगालात तर ‘अन्न’ म्हणजे मुख्यतः भात असे धरले जात असल्यामुळे एकादशीला गव्हाची लुची खाणारी घरे आहेत, आणि आपल्याकडे मात्र गव्हाची पोळी खाल्ली की उपवास मोडलाच.

मुलीच्या मैत्रिणीचे म्हणणे बरोबर आहे, किंबहुना तिने यादी आखूडच सांगितली. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांवर पोहोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला. या जलमार्गांनी जी पिके इकडे आली त्यांत मिरची होती, शेंगदाणा होता आणि आपण ज्याला अगदी जुने समजतो ते रताळेही होते. पोर्तुगीज भाषेत ‘बटाटा’ हा शब्द मुळात रताळ्याचा, तो पुढे आपल्याकडे दुसऱ्याच कंदाला चिकटला. खरा बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला असून, आपल्याकडे तो सर्रास पिकू लागला तो इंग्रजांच्या काळात. राजगिऱ्याची पालेभाजी होते त्या कुळातले माठासारखे काही प्रकार आशियातले आहेत, पण दाण्यासाठी आपण जो राजगिरा पिकवतो त्याच्या मुख्य जाती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी घडवल्या. मेक्सिकोत आजही फुलवलेला राजगिरा मधात किंवा साखरेच्या पाकात घालून त्याच्या वड्या थापतात आणि त्यांना ‘आलेग्रिया’ म्हणजे ‘आनंद’ असे म्हणतात. आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ती वडी ठेवली, तर कोणती कुठली हे ओळखायला चव घ्यावी लागेल.

पण म्हणून ताटातले सगळेच बाहेरचे असे समजू नका. सुरण, कोनफळ, अळकुड्या, शिंगाडा, केळे, नारळ, आमसूल आणि वरी यांतले काही मूळचे आपले आहेत आणि उरलेले आग्नेय आशियाच्या पट्ट्यातून फार जुन्या काळी इकडे रुळलेले आहेत. कोकणातल्या माझ्या एका वयोवृद्ध गिऱ्हाइकाने सांगितले होते की, त्यांच्या लहानपणी एकादशीला चुलीवर मोठे मडके चढायचे, त्यात कणग्या आणि करांदे हे कंद मीठ घालून उकडायचे, आणि सोबतीला ओले खोबरे आणि ताक असायचे. साबुदाणा घरात असे, पण तो आजारी माणसाच्या पेजेसाठी डब्यात जपून ठेवलेला असे. मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ इथेच मिळते. मिरची येण्यापूर्वीचा तिखटपणाही हरवलेला नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात खाद्यपदार्थांचे मोठे प्रकरण आहे, आणि त्यात पदार्थांना चव आणणारे जिन्नस मिरे, आले, हिंग, जिरे असेच आहेत. ‘मिरची’ हे नावदेखील ‘मिरी’वरूनच पडले, आपल्या ओळखीच्या तिखटाचे नाव आपण नव्या पाहुणीला दिले.

आता नियमाकडे येते. व्रतांच्या संदर्भात महाभारतातल्या उद्योगपर्वातला एक श्लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो: ‘अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः। हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम्॥’ पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असा त्याचा अर्थ. यात पाणी आणि दूध सोडले तर एकाही पदार्थाचे नाव नाही, हे लक्षात घ्या. ‘मूळ’ म्हटले आहे, कोणते मूळ ते सांगितलेले नाही. ‘फळ’ म्हटले आहे, कोणते फळ ते सांगितलेले नाही. नियम प्रकाराचा आहे, यादीचा नाही, आणि अशा नियमाचे दार उघडेच असते. बटाटा दारात आला तेव्हा तो कोणत्या देशाचा हे कोणी विचारले नाही. तो जमिनीखालचा कंद आहे एवढे पाहिले आणि सुरणाच्या पंगतीत त्याला पाट मांडून दिला. ‘फराळ’ हा शब्दही ‘फलाहार’ या शब्दाचाच झिजलेला अवतार आहे. तो इतका पसरला की दिवाळीच्या चकलीलाही आपण फराळ म्हणतो, आणि तमिळमध्ये ‘पलगारम’ म्हणजे सरळ खाऊ.

या नियमाचा आणखी जुना पदर तुम्हाला ऋषिपंचमीला दिसेल. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणजे नांगरलेल्या जमिनीतले धान्य खायचे नाही, आपोआप उगवलेला देवभात आणि परसातल्या भाज्या खायच्या. धान्य म्हणजे शेती, संसार आणि साठवण. ते एक दिवस बाजूला ठेवून अरण्यातल्या माणसासारखे कंदमुळांवर राहायचे, अशी मूळ कल्पना असावी असे मला वाटते. मात्र आज ऋषीच्या भाजीत लाल भोपळा आणि मक्याचे कणीस हमखास पडते, आणि ही दोन्ही पुन्हा अमेरिकेचीच लेकरे.

साबुदाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या साऱ्या कथेतले सर्वांत गमतीचे पात्र तेच आहे. ‘सागू’ हा मलाय भाषेतला शब्द. न्यू गिनी आणि मोलुक्का बेटांच्या भागात सागो नावाचा ताड होतो, त्याच्या खोडातला गर धुऊन त्याचे सत्त्व काढतात आणि त्याचे दाणे करतात, ते खरे सागू. पुढे कसावा या दक्षिण अमेरिकेतल्या कंदाच्या सत्त्वापासूनही तसेच दाणे होऊ लागले, आणि नाव मात्र तेच राहिले. कसावा आपल्याकडे केरळात रुजला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाल यांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत भाताला आधार म्हणून त्याच्या लागवडीला मुद्दाम उत्तेजन दिले. तयार दाणे मात्र बराच काळ जहाजाने मलाया आणि सिंगापूरकडून येत. १९४२ साली जपानने तो सारा प्रदेश घेतला, आयात थांबली, आणि त्याच सुमारास तमिळनाडूत सेलमच्या परिसरात स्थानिक कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. १९८१ साली तिथल्या उत्पादकांची ‘सागोसर्व’ ही सहकारी संस्था स्थापन झाली, आणि २०२३ साली सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तमिळमध्ये साबुदाण्याला ‘जव्वरिसी’ म्हणतात, म्हणजे जावाचा तांदूळ. त्याचा सगळा प्रवास त्या एका नावात साठला आहे.

म्हणजे आपल्या उपवासाच्या खिचडीतली वनस्पती मधल्या मध्ये बदलली, ताडाच्या जागी कंद आला, आणि स्वयंपाकघरात कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही. दोन्हीही धान्य नव्हेत, तेवढे पुरले. या बाबतीतला खरा पेच वेगळाच आहे: सेलम भागात साबुदाण्यात मक्याचे स्टार्च मिसळले जाते अशा तक्रारी झाल्या आहेत, आणि मका हे धान्य आहे. सोवळ्याच्या दृष्टीने पाहिले तर कोलंबसापेक्षा ही भेसळच जास्त काळजी करण्यासारखी आहे.

तो तयार कसा होतो हेही समजून घ्या, म्हणजे मुलीची खिचडी चिकट का होते ते आपोआप कळेल. कंदाची साल काढून तो वाटतात, त्याचे दुधासारखे पाणी टाक्यांमध्ये निवळू देतात, आणि तळाशी बसलेला साका खरवडून त्याचे ओलसर पीठ करतात. ते पीठ झोळीसारख्या कापडात घालून हलवत राहिले की त्याच्या गोळ्या बनतात. त्या चाळून, खोबरेल तेलाचा हात लावलेल्या गरम पत्र्यावर भाजतात आणि मग उन्हात वाळवतात. भाजताना दाण्याचा वरचा थर अर्धवट शिजून घट्ट होतो आणि आतला भाग कच्चा राहतो, म्हणून भिजवल्यावरही दाणा गोल राहतो. चकचकीत दिसणारा ‘नायलॉन’ साबुदाणा हा वाफवलेला असतो, तो तळून चिवड्याला चांगला, खिचडीला मी तो घेत नाही. साध्या साबुदाण्याच्या अंगावर सुटे पीठ असते, ते दोनतीन पाण्यांनी धुऊन टाकले नाही तर तेच पुढे कढईत खळ बनते. धुतल्यावर दाणे जेमतेम बुडतील न बुडतील एवढेच पाणी ठेवायचे, आणि चारपाच तासांनी एक दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबून पाहायचा: तो सबंध चिरडला तर झाले, आत खडा लागला तर पाण्याचा एक हबका मारून अर्धा तास आणखी थांबायचे. कॅनडातली हवा कोरडी असेल तर वर ओले फडके झाकावे.

आता तुमच्या हळदीकडे येते. श्लोकाचा काटेकोर अर्थ लावला तर हळद हा जमिनीखालचा कंदच आहे, तिला मज्जाव करण्याचे कारण नाही. उलट शेंगदाणा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तूर-मुगाच्या कुळातले द्विदल आहे, त्याचे ‘भुईमूग’ हे नावच त्याचे नाते सांगते, आणि तरीही मूग चालत नाही पण भुईमूग चालतो. शेंग जमिनीखाली धरते, तेवढ्यावर त्याला मुळांच्या घरात घेतले असावे. यावरून दिसते ते असे की, शास्त्राच्या नियमावर घरातल्या बायकांनी आपला एक दुसरा नियम बसवला. माझ्या वहीतल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा माझ्या लक्षात आले की, बहुतेक घरांत जे तीन जिन्नस चालत नाहीत ते मोहरी, हिंग आणि हळद आहेत. हे तिघे मिळून आपली रोजची फोडणी होते. तेलात मोहरी तडतडली, हिंग पडला, हळद पडली की वास येतो तो रोजच्या वरणभाताचा, आणि उपवासाच्या दिवशी घरात तो वास येऊ नये, एवढाच त्यातला अर्थ आहे. त्यांच्या जागी तूप, जिरे आणि हिरवी मिरची आली, म्हणजे उपवासाला स्वतःची फोडणी मिळाली. डोळे मिटून स्वयंपाकघरात शिरलात तरी आज उपवास आहे हे नाकाला कळते. हळद वर्ज्य झाली ती तिच्या जन्मगावामुळे नव्हे, तिच्या रोजच्या सोबत्यांमुळे.

हे तुम्हाला पटत नसेल, तर श्राद्धाचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. तिथे हळद, हिंग, उडीद सगळे चालते, पण कर्मठ घरांत बटाटा, कोबी, टोमॅटो वर्ज्य असतात आणि तिखटासाठी मिरचीऐवजी मिरे घालायला सांगतात. माझ्याकडे अशा ऑर्डरी दर भाद्रपदात येतात आणि तेवढ्यासाठी मी मिरपूड वेगळी कुटून ठेवते. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातल्या महाप्रसादातही बटाटा, टोमॅटो आणि मिरची घालत नाहीत. या दोन्ही ठिकाणी नियम यादीचा आहे: पूर्वजांना किंवा देवाला जे वाढत आलो तेच वाढायचे. यादीचे दार बंद असते, म्हणून तिथे जुने स्वयंपाकघर पुष्कळसे टिकून राहिले. पण लाल भोपळा अनेक घरांत श्राद्धालाही शिरलाच, तेव्हा दार बंद असले तरी खिडकी उघडी राहतेच. उपवासाचे तसे नाही. त्याला दर पिढीला नवे काही मिळत गेले, आणि त्यातूनच ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हणही आपण स्वतःवरच हसत तयार केली.

त्यामुळे तुमचा उपवास खोटा नाही. व्रताच्या नियमाने ज्या प्रकारचे खाणे सांगितले, त्याच प्रकारचे तुम्ही खात आहात. पाचशे वर्षांपूर्वीचेच ताट हवे असेल तर तेही अवघड नाही: उकडलेले सुरण किंवा कोनफळ, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, वऱ्याचे तांदूळ, ताक, केळे, आणि तिखटाला मिरे. मी काही घरांना असे ताट करून दिले आहे. मोठ्यांनी ते मन लावून खाल्ले आणि मुलांनी दुपारी खिचडी मागितली.

भगरीबद्दल एक सूचना मधेच करते. ती बहुधा सावा किंवा वरी या बारीक भरडधान्यांची असते, नाशिककडच्या डोंगराळ भागात पिकते, आणि ती धान्य की देवभातासारखे रानचे, यावर घराघरांत मतभेद आहेत. म्हणूनच वहीत ‘एकादशीला नाही’ अशी नोंद येते. पण तुमच्याकडे चालत असली तरी सुटी आणि जुनी भगर, विशेषतः दळून ठेवलेले तिचे पीठ, वापरू नका. तिला बुरशी लागली तर विषबाधा होते आणि नवरात्रात, शिवरात्रीला अशा बातम्या वाचायला मिळतात. पाकीटबंद आणावी, निवडून धुवावी, आणि पीठ हवे असेल तेव्हा घरीच ताजे दळावे.

आता क्विनोआ. अँडीजच्या पठारावरच्या या दाण्याला धान्य म्हणत असले तरी तो गहू-तांदळासारखा गवताच्या कुळातला नाही. त्याचे कूळ राजगिऱ्याचे, आणि आपल्या चाकवताशी तर त्याचे नाते फारच जवळचे, दोघे एकाच वंशातले (जीनस) आहेत, जाती मात्र वेगवेगळ्या. ज्या घरात राजगिऱ्याचा लाडू आणि थालीपीठ चालते, त्या घरात क्विनोआ न चालण्याचे कारण मला दिसत नाही. तुमच्या घरी राजगिराही चालत नसेल, तर मात्र हाही नको. माझ्या वहीत अशी तीन घरे आहेत ज्यांनी स्वतः विचारून तो करून घेतला, आणि एक घर असे आहे जिथल्या आजींनी ‘नाव उच्चारता येत नाही ते उपवासाला नको’ म्हणून सांगितले. त्यांच्यापुढे मी वाद घातला नाही.

मुलीला करायचा असेल तर असे सांगा. क्विनोआच्या दाण्यावर कडवट फेस येणारे एक द्रव्य असते, म्हणून पाणी निवळेपर्यंत तो चोळून धुवावा, नाहीतर सगळा पदार्थ कडू लागतो. एका वाटीला दोन वाट्या पाणी घालून, झाकून मंद आचेवर सुमारे पंधरा मिनिटे शिजवावा. दाण्याभोवती पांढरी बारीक शेपटी सुटलेली दिसली की तो शिजला. मग तुपात जिरे आणि हिरवी मिरची घालून त्यावर तो परतावा, मीठ, किंचित साखर आणि दाण्याचे कूट घालावे. तो साबुदाण्यासारखा तूप धरत नाही, म्हणून कोरडा लागतो. तेव्हा सोबत आमसूल घालून दाण्याची आमटी पातळच करायला सांगा. आमसुले तिकडच्या भारतीय दुकानात मिळतात, फक्त घेताना ती मऊ आहेत का ते पाकिटावरून दाबून पाहावे.